एक्केचाळीस नंबरचा पट्टा

माझी धाकटी लेक भाग्यश्री मांडवगण फराट्याला दिली, ते साल १९९६. बुद्ध पौर्णिमेनंतरचा रविवार होता. दौंडला आमच्या वस्तीतल्या विहारापुढं मांडव घातला होता. पंचशील झालं, जेवणं झाली, आणि वऱ्हाड निघायच्या वेळी नवरीची लोखंडी पेटी टेम्पोत चढवायची राहिली. माझा मुलगा पोपट पुढं झाला. पोपट दौंड स्टेशनवर हमाल होता. दोन पेट्या डोक्यावर आणि एक पिशवी काखेत घेऊन पुलाचा जिना चढणारा गडी. त्यानं पेटीची कडी धरली, पेटी हातभर उचलली, आणि ती धाडकन खाली आली. पाय थोडक्यात वाचला.

नवऱ्याकडचा एक पाव्हणा म्हणाला, “हमालालाच पेटी उचलंना व्हय? का बहिणीला सासरी धाडायचीच न्हाई?”

सगळे हसले. पोपटही हसला. मी मात्र त्याच्या हाताकडं पाहत होतो. बोटांच्या मुळाशी गाठी आल्या होत्या. हात ओल्या हळकुंडासारखा दिसत होता.

वऱ्हाड गेल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. “कधीपास्नं हाय हे?”

“चार वर्सं झाली असतील, आबा. सकाळी हात आखडत्यात. उन्हं वर आली की सुटत्यात. मी गोळी खातो स्टेशनवरल्या दुकानातली.”

“चार वर्सं? आन् मला आज सांगतूस?”

“तुमाला सांगून काय, तुमी माजं वझं उचलणार हुता?”

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. मीही पूर्वी त्याच स्टेशनवर हमाल होतो, दुखणं अंगावर काढायची रीत मला ठाऊक होती.

स्टेशनवरच्या हमालाला दंडावर पितळी बिल्ला बांधावा लागतो. माझा नंबर एक्केचाळीस. तो मी पंचवीस वर्षं बांधला आणि शहाऐंशी साली पोपटच्या नावावर करून दिला. बापाचा बिल्ला पोराला मिळावा, अशी आमच्यात रीत होती. बिल्ला रेल्वेचा, पण त्याचा चामडी पट्टा ज्याचा त्याचा. माझ्या पट्ट्याला तीन भोकं होती. मी मधल्या भोकात बांधायचो. पोपटचा दंड माझ्याहून जाड, म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांत सैल भोकात बांधला. बायको तेव्हा होती. ती म्हणाली, “बघा, ल्योक तुमच्यापरास एक भोक म्होरं गेला.” त्या दिवशी मी दोन वेळा चहा प्यालो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना पाजला.

भाग्यश्रीच्या लग्नाच्या वर्षी दिवाळीला पोपटनं पट्टा मधल्या भोकात घेतला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तो शेवटच्या भोकात गेला. त्यानंतर एके दिवशी तो स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून आरी मागून घेऊन आला आणि उंबऱ्यावर बसून त्यानं चौथं भोक पाडलं. मी बघत होतो.

सांधे सुजत होते ते दिसत होतं. मनगट हाताला गरम लागायचं. गुडघे भरून यायचे, बारीक ताप असायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं आमवात सांगितला. ते मला पटलं. पण सांधा सुजला तर दंड का वाळावा? मांडी का वाळावी? सूज म्हणजे वाढणं. इथं एकीकडं वाढत होतं आणि दुसरीकडं माणूस झिजत होता. याचा मेळ मला लागेना. आणि ज्याचा मेळ लागत नाही, त्याला माणूस दोषी शोधतो. मी घरातच शोधला.

पोपटची बायको करुणा वडगाव रासाईची. नववीपर्यंत शिकलेली, बालवाडीवर मदतनीस. त्यांना एक मुलगी, संघमित्रा, सहा वर्षांची. माझी बायको जाईबाई भाग्यश्रीच्या लग्नाआधीच गेली होती, त्यामुळे चूल करुणेकडं होती. सकाळी ती भाकऱ्या थापून, पोपटची थाळी झाकून बालवाडीला जायची आणि दुपारी यायची.

माझी थोरली बहीण रंगुबाई विधवा, आमच्याच आळीत राहायची. ती एकदा उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत म्हणाली, “मल्हारी, तुज्या घरात नवराबायकू दोघं हायेत. एक वाळतंय, एक भरतंय. भाकर तर एकाच तव्यावरची हाय ना?”

“म्हंजी?”

“म्हंजी काय न्हाई. मी आपली बोलले.”

करुणा तेव्हा खरंच थोडी भरली होती. दुसऱ्या वेळी दिवस राहून गर्भ पडला होता, त्यानंतर बायका भरतात तशी. पण रंगुबाईचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं.

मग एका रविवारी मी बाजारातून अर्धा किलो मटण आणलं. “पोपटला घाल,” असं सांगून विहाराकडं गेलो. परत आलो तर पोपटच्या पुढं वाटीभर पेज होती आणि करुणा चुलीपाशी बसून भाकरीशी मटण खात होती. पोरगी शेजारी नळी चोखत होती.

“ह्ये काय?” मी म्हणालो.

“त्यांस्नी वास सोसंना, मामा. दोन घास खाल्ले आन् वकारी आली. मग टाकून द्यायचं का?”

“टाकू नको. तुज्या अंगी लागू दे.”

तिचा घास हातातच राहिला. पोपट म्हणाला, “आबा, मीच म्हनलो तिला खा म्हणून.”

तो बायकोला भिऊन बोलतोय, असंच मी धरलं.

अठ्ठ्याण्णवच्या जून महिन्यात करुणानं त्याला पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मला विचारलं नाही. दोन दिवसांनी ती दोघं पॅसेंजरनं परत आली. तिच्याजवळ एक कागद होता आणि दोन शिश्या. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, म्हणून ती सांगत होती आणि मी कागदाकडं बघत होतो. पुढं साठी उलटल्यावर मी वाचायला शिकलो, तेव्हा पहिल्यांदा तो कागद पेटीतून काढला. तो सगळा इंग्रजीत होता.

“मामा, डाक्टरीण म्हनाली, सूज निसती सांध्यात न्हाई. रगतात हाय. त्या सुजंनं भूक मरती. आन् आंग आपलंच मांस तोडून खातंय.”

“आंग आंगाला खातंय?”

“व्हय.”

“मग आपण घालतूय ते कुठं जातंय?”

“जळतंय म्हनाली.”

“आन् औषिद?”

तिनं एक शिशी दाखवली. “ही गोळी. आठवड्याला एक. ऐतवारी. बाकी रोज ती पिवळी.”

“आठवड्याला एक?” मला हसू आलं. “दुखणं रोजचं आन् गोळी आठवड्याची? शनवारी काय सांध्याला सुट्टी असती का?”

“तसंच हाय ते औषिद. उशिरा लागू पडतंय. तीन म्हयने तरी बघावं लागंल. म्हयन्याला रगत तपासायचं. आन् मामा, लघवीत काय तरी जातंय म्हनाली. पाय सुजले तर त्याच दिवशी घिऊन या म्हनाली.”

हे तिनं मला सांगितलं होतं. चुलीपुढं उभं राहून, नीट, दोनदा सांगितलं होतं. ते मी इथं लिहितो, कारण पुढं मी लोकांना सांगत फिरलो की मला कुणी सांगितलं नव्हतं.

स्टेशनवर पोपटचा एक जोडीदार होता शलमोन. ख्रिस्ती, बिल्ला नंबर अडतीस, बहुतेक पार्सल ऑफिसात माल चढवायला असायचा. दोघं एकाच वर्षी बिल्ल्यावर लागलेले. पार्सल ऑफिसात जमिनीला लागून मोठा लोखंडी काटा आहे. पोती, टोपल्या, सायकली, सगळं त्यावर चढतं. ऑगस्ट महिन्यात एका दुपारी मी पोपटला रिक्षानं तिथं नेलं, तेव्हा शलमोननं त्याला त्यावर उभं केलं.

“हल्लू नकोस, पोप्या. लेबल लावून सोलापूरला धाडतो बघ तुला.” त्यानं काटा बघितला, परत एकदा बघितला. “चव्वेचाळीस.”

“बिल्ल्यावर लागला तवा बासष्ट हुता,” मी म्हणालो.

“आबा, कांद्याचं पोतं बी पन्नासाचं असतंय.”

पोपट हसला. “मग मला उचलाया सोपं. तूच खांदा दे म्हंजी झालं.”

त्याला घेऊन मी घरी आलो तो तडक चुलीपुढं गेलो. आळीतल्या दोन-तीन बायका पाण्याला चालल्या होत्या, त्या थांबल्या. रंगुबाई होतीच. मी करुणाला म्हणालो, “चव्वेचाळीस किलो झालाय माझा ल्योक. काट्यावर बघून आलो. एवढं तुज्या हातचं जेवण. आता तू म्हायारी जा. मी खाऊ घालतो त्याला.”

ती रडली नाही. म्हणाली, “मी उपाशी ठेवलं म्हंता?”

“मी काय म्हनत न्हाई. काटा म्हंतोय.”

“तीन म्हयने तरी थांबा, मामा. दोनच झालेत.”

“जूनला दवाखान्यात पन्नास भरला हुता. दोनच म्हयन्यांत सा किलो गेलंय. आणिक येका म्हयन्यात काय ठेवशील?”

पोपट भिंत धरून उभा राहिला. “आबा, ती गेली तर मी जेवणार न्हाई.”

“जेवशील,” मी म्हणालो. “पोटाला कळतं कोण घालतंय ते.”

करुणानं पोरीचे कपडे पिशवीत भरले. जाताना तिनं दोन्ही शिश्या फळीवर समोर मांडल्या. “ऐतवारी ही. रोज ही. आन् पाय सुजले तर वाट बघू नका.” तिनं पोपटकडं बघितलं. पोपटनं मान खाली घातली. त्याला चार पावलं चालवत नव्हतं, बायकोमागं जाणार कसा?

पोपटनं दोन दिवस जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी पुडी आणली.

आठवडे बाजारात एक माणूस सतरंजी टाकून बसायचा. मुळ्या, तेलाच्या बाटल्या आणि राखाडी रंगाच्या पुड्या. वातावर त्याचा हात चांगला, असं हमालांत बोललं जायचं. दोन हमालांच्या कमरा त्याच्या पुडीनं सुटल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ एक पुडी मधातून. “बाकी सगळं बंद करा,” तो म्हणाला. मी शिश्या फळीवरून काढल्या आणि पेटीत टाकल्या.

चार दिवसांत पोपट उठून बसला. आठव्या दिवशी त्याची मूठ वळली. तो मूठ उघडून बघायचा, मिटून बघायचा आणि लहान पोरासारखा हसायचा. आणि भूक लागली. कसली भूक! सकाळी चार भाकरी, दुपारी चार. रोज दोन अंडी, रविवारी मटण. मी स्वतः करायचो. तिखट जास्त व्हायचं, तरी बोटं चाटायचा. करुणेचं नाव पहिले काही दिवस निघालं, मग निघेना. भुकेनं त्याला गप्प केलं होतं.

त्याचा चेहरा भरला. गाल वर आले. रंगुबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. “बघा गं बायांनो, बापाच्या हातचं लागतंय.”

दर मंगळवारी मी त्याला पार्सल ऑफिसला न्यायचो. शलमोन काटा बघायचा. सेहेचाळीस. एकोणपन्नास. सगळे हमाल गोळा व्हायचे. पन्नास झाले त्या दिवशी कोणीतरी ओरडलं, “कांद्याचं पोतं झालं रे!” आणि मी पेढे वाटले. त्रेपन्न झाले तेव्हा मी न्हावऱ्याकडं जाणाऱ्या जीपवाल्याला गाठलं. तो वडगाव रासाईचा होता.

“करुणाच्या घरी सांग,” मी म्हणालो. “म्हनावं, काटा त्रेपन्न दावतोय. सासऱ्याच्या हातचं त्याला लागतंय. तू आपली तिथंच बरी हायेस.”

“आसं सांगू?” जीपवाला म्हणाला.

“आसंच सांग.”

त्यानं तसंच सांगितलं.

डिसेंबर महिन्यात पोपट म्हणाला, “आबा, आज मी फलाटावर येतो. वझं न्हाई उचलत. निसता बसतो जोडीदारात. पण बिल्ला बांधून.”

मला आनंद झाला. त्याचा लाल सदरा काढला. तो पाटलोण घालायला लागला तर पाय घट्ट बसत होते. मी म्हणालो, “बघ, पाटलोण व्हईना. भरलास.” मग दंडाला पट्टा बांधायला घेतला. चौथ्या भोकात बांधला, तो घसरून कोपरावर आला. मला वाटलं, नीट आवळला नाही. परत बांधला. परत आला. पोपट माझ्याकडं बघत होता.

“चामडं ताणलंय,” मी म्हणालो. “चाळीस वर्सं घाम प्यालंय ते.”

मी आरी घेऊन पाचवं भोक पाडलं. सैलच राहिला. सहावं पाडलं. सातव्यात तो बसला. पट्ट्याचं शेपूट इतकं लांब उरलं की ते मला आत खोचावं लागलं.

फलाटावर बाकड्यावर त्याला बसवलं. शलमोन माल चढवून आला, “जयभीम साहेब, लगेज?” म्हणून त्याची थट्टा केली, आणि शेजारी बसता बसता त्याची नजर पट्ट्यावर गेली. त्यानं ते शेपूट बाहेर ओढलं. भोकं मोजली.

“आबा, ह्ये काय?”

“चामडं ताणलंय.”

“चामडं ताणून चार भोकं?” तो खाली बसला. त्यानं पोपटची पाटलोण गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. फलाटावर मालगाडी येऊन थांबली, तोवर खड्डा होता.

“दुखतंय का?” त्यानं पोपटला विचारलं.

“न्हाई.”

शलमोन मला बाजूला घेऊन गेला. “आबा, मटकीचं पोतं ध्यानात हाय का? मालगाडीच्या वाघिणीत भिजल्यालं? पावतीपरास चार किलो जास्ती भरलं म्हणून बाबू खूश झाला हुता. तवा तुमीच म्हनला हुता, दाणा वाढला न्हाई, पाणी प्यालंय ते. आन् उचलून बघून सांगितलं हुतं तुमी, काट्याशिवाय.”

मी बाकड्यावरच्या पोपटकडं पाहिलं.

“पोराला उचलून बघितलं का तुमी?”

ते मी एकदाही केलं नव्हतं. नुसत्या हातानं कुठल्याही पोत्याचं वजन किलो-दोन किलोच्या फरकानं सांगणारा मी. ओलं कोणतं, सुकं कोणतं, हे पाठीवर घेताच कळणारा. त्या बाकड्यापाशी मी पोपटच्या काखेत हात घातले आणि त्याला उभा केला. माझ्या बोटांना काखेत हाडाशिवाय काही लागलं नाही. सगळं वजन खाली, पायांकडं ओढत होतं. भिजलेलं पोतं असंच खाली ओढतं.

पुण्याला त्याच दवाखान्यात नेलं. जूनमध्ये ज्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं होतं, त्याच होत्या. चष्मा लावलेल्या, वयानं माझ्या भाग्यश्रीएवढ्या. त्यांनी त्याचे पाय दाबले, लघवी तपासायला पाठवली, पुडी मागून घेतली, हुंगली आणि बाजूला ठेवली. मग मला बाहेरच्या बाकावर बसवून त्या समोर बसल्या. मोठी बाई असून बसली, याचा अर्थ मला कळला.

“बाबा, अंगाला जखम झाली की तिथं सूज येते. शरीर लढायला उठलेलं असतं. जखम भरली की ते बसतं. ह्याचं शरीर सहा-सात वर्षं उठलेलंच आहे. बाहेर शत्रू नाही, तरी ते स्वतःच्याच सांध्यांशी लढतंय. लढणाऱ्याला शिधा लागतो. तो ते दंडातून, मांडीतून काढून घेतं. ती सूज विझल्याशिवाय कितीही खायला घातलं तरी मांस धरत नाही.”

“पण पुडीनं भूक लागली. चांगला खात हुता.”

“सूज दाबणारं जोराचं औषध असणार त्यात. आम्हीपण देतो ते, पण मोजून. बिनमोजाचं रोज दोन वेळा घेतलं की दुखणं दबतं, भूक लागते, तोंड फुगतं. आणि मांस उलट जास्त तुटतं. आता ते एकदम बंदही करता येणार नाही. आणि इतक्या वर्षांच्या सुजेनं मूत्रपिंडं बिघडलीत. वजन वाढलं ते पाणी आहे.”

मी विचारलं. ते विचारल्याशिवाय मला उठता येईना. “त्याला खायाला कमी पडलं म्हणून झालं का हे? बायकोनं घातलं न्हाई म्हणून?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “जूनमध्ये त्या बाई आल्या होत्या ना बरोबर? एकेक गोष्ट विचारून घेत होत्या. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा खायला घालते म्हणाल्या. त्या कुठं आहेत?”

मी चपलेकडं बघत राहिलो.

“पाय सुजले तर लगेच या, असं त्यांना सांगितलं होतं मी,” त्या म्हणाल्या. “सूज कधी आली?”

“दसऱ्याला,” मी म्हणालो. तेव्हा मला कळलं की मी ती पाहिली होती. पाहिली होती आणि त्याला मांस म्हटलं होतं.

शलमोनला पोपटपाशी बसवून मी पुण्याहून गाडीनं निघालो आणि केडगावला उतरलो. त्याच जीपवाल्याच्या जीपनं भीमा ओलांडली, आणि फाट्यावरून पायी वडगाव रासाईला गेलो. जीपवाला वाटभर माझ्याशी बोलला नाही. करुणाची आई सिंधूबाई अंगणात शेंगा फोडत होती. तिनं मला बघितलं आणि शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

“या, व्याही. काटा न्हाई आनला संगं? पोरगी मोजून द्यावी लागंल ना.”

मी उभाच राहिलो. करुणा आतून आली. मी जे ठरवून आलो होतो ते तोंडातून निघेना. नुसतं म्हणालो, “त्याचे पाय सुजलेत.”

“कवापास्नं?”

“दसऱ्यापास्नं.”

तिनं डोळे मिटले. मग विचारलं, “ऐतवारची गोळी?”

“ऱ्हायली.”

“किती ऐतवार?”

“सगळे.”

ती आत गेली. मला वाटलं आता दार लागेल. सिंधूबाई म्हणाली, “जाऊ नगंस, करुणे. ह्यो म्हातारा तुज्या नावानं दौंडभर पेढे वाटून आलाय.” करुणा पिशवी घेऊन बाहेर आली. पोरीला आईजवळ ठेवलं. “मी तुमच्यासाठी येत न्हाई, मामा,” ती म्हणाली. “हे ध्यानात ठेवा.” मग ती माझ्या पुढं चालायला लागली. फाट्यापर्यंत मी मागं होतो.

दवाखान्यात पाणी काढायची औषधं दिली. पाणी उतरत गेलं आणि खाली जे होतं ते दिसायला लागलं. मंगळवार आला तरी आता काट्यावर कोणी नेत नव्हतं. जानेवारी संपता डॉक्टरीण बाईंनी घरी न्यायला सांगितलं. स्टेशनवरून घरापर्यंत मी त्याला पाठीवर नेला. शलमोन म्हणाला, मी घेतो. मी दिला नाही. हमालाची पाठ आहे, तिला विचारावं लागत नाही. छत्तीस किलो, फार तर सदतीस.

वस्तीत मी काय केलं ते मी सांगितलं नाही. करुणा परत आली, एवढंच लोकांना दिसलं. रंगुबाई एकदा म्हणाली, “आली का आता, वजन वाढत हुतं तवा न्हाई आली.” मी ऐकून घेतलं. तिथं बोलायला हवं होतं.

ते बोलला पोपट. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी त्यानं मला मटण आणायला सांगितलं. मी आणलं. त्याच्या पोटात काही राहत नव्हतं, तरी आणलं. करुणानं रांधलं. त्यानं मला रंगुबाईला बोलावून आणायला लावलं. शलमोन आलेला होताच. सगळे खोलीत बसलो. पोपटला उशीला टेकवून बसवलं होतं. पुडीनं फुगलेलं तोंड उतरलं होतं, नुसते दात मोठे दिसत होते.

“करुणा, ताट वाढ,” तो म्हणाला.

तिनं थोडं वाढून त्याच्यापुढं ठेवलं.

“माजं न्हाई. तुजं.”

“मी मागनं खाईन.”

“आता. हितं बसून. आबांच्या म्होरं.”

करुणानं भाकरी घेतली, ताट घेतलं आणि माझ्यासमोर बसली. तिनं पहिला घास घेतला. तो तिला उतरेना. पोपट म्हणाला, “खा. मी बघतो. वासानं बी बरं वाटतंय.” मग रंगुबाईकडं वळून म्हणाला, “आत्या, बघ, एक भरतंय.” आणि हसला. रंगुबाईनं पदर तोंडाला लावला आणि उठून गेली.

मी उठलो नाही. ती शेवटच्या घासापर्यंत जेवली आणि मी शेवटच्या घासापर्यंत समोर बसून राहिलो. मग तिचं ताट मी उचललं आणि मोरीत नेऊन धुतलं. माफी मला मागता आली नाही. तेवढंच करता आलं.

तीन दिवसांनी त्याच्या छातीत कफ भरला. बिल्ला रेल्वेच्या ऑफिसात जमा केला. पट्टा कोणी मागितला नाही. तो माझ्याकडं आहे. त्याला सात भोकं आहेत, तीन मूळची, एक त्यानं पाडलेलं आणि तीन मी.

माझा मुलगा पोपट १७ फेब्रुवारी १९९९ रोजी, बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला, दौंडला राहत्या घरी वारला. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता.